तीन तिगाडा आणि त्रिमूर्ती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की दत्तभक्तांच्या घरातली हवाच बदलते. चौरंग धुतला जातो, पोथीचे बासन उन्हात पडते, सप्ताहाला कोण बसणार याची बोलणी सुरू होतात. पौर्णिमेला तिन्हीसांजेला देवळात जन्म होतो, पाळणा हलतो, सुंठवड्याची चिमूट हातावर पडते. ज्याच्यासाठी हे सगळे, तो आपला देव त्रिमूर्ती आहे. त्याची मुखे तीन. 'त्रि' हे अक्षर त्याच्या नावापासून वेगळे काढताच येत नाही.

आणि त्याच घरात, पारायणाची सांगता होऊन पंगत बसली, सून पानात एकदम तीन पोळ्या वाढू लागली, की आतून आवाज येतो, "अगं, तीन नको वाढूस. एक मोडून वाढ." सून निमूटपणे पोळी मोडते. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. देव्हाऱ्यात तीन मुखांचा देव, आणि पानात तीन पोळ्यांची भीती! पुष्कळ वर्षे हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. त्रिमूर्तीच्या भक्ताने तीनला भ्यावे का? भ्यायचे नसेल, तर वाडवडिलांनी सांगितलेले सगळे खोटे म्हणायचे का? यंदाच्या जयंतीच्या निमित्ताने हा विचार तुम्हां सर्वांपुढे ठेवतो.

आधी आपल्या समजुती नीट आठवू या, हसण्यासाठी नव्हे. शुभकार्याला, विशेषतः सोयरिकीच्या बोलणीला, तिघांनी मिळून जाऊ नये. जावेच लागले तर एकाने खिशात खडा किंवा सुपारी ठेवावी, म्हणजे मोजणीला चार होतात. कोणाला काही देताना तीन नग देऊ नयेत. तिघांचा फोटो काढू नये, असेही फोटो काढायची सोय झाल्यापासून म्हणू लागले. या सगळ्यांच्या मागे ती म्हण उभी आहे, 'तीन तिगाडा, काम बिगाडा.' भाषेतही तीनच्या वाट्याला फारसे बरे आलेले नाही. काम फसले की 'तीनतेरा वाजले', धांदल उडाली की 'त्रेधातिरपीट', आणि ज्याला किंमत द्यायची नाही तो 'तीनपाट'.

आता दुसरी बाजू बघा. सकाळी संध्येला बसलो की आचमन तीन वेळा. जानव्याचे सूत तीन पदरी. महादेवाला वाहायचे बेलाचे पान तीन दळांचे. एखादे दळ गळालेले असेल तर आपण ते पान बाजूला ठेवतो. ओंकाराच्या मात्रा तीन, गुण तीन, काळ तीन, लोक तीन. काशी, प्रयाग आणि गया मिळून त्रिस्थळी यात्रा. त्र्यंबकेश्वराला गेलेल्यांनी पाहिलेच असेल, तिथे उंच शाळुंका नाही. एका खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेशाची. शांतिपाठाच्या शेवटी शांती हा शब्द आपण तीनदा उच्चारतो, कारण ताप तीन प्रकारचे: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. आणि टेंबे स्वामींची करुणात्रिपदी? नावातच तीन पदे. ती म्हणताना आपला गळा दाटून येतो. त्या वेळी तीन या आकड्याची भीती कोणाच्या मनाला शिवते का?

म्हणजे एकच आकडा देवाजवळ पवित्र आणि पंगतीत अशुभ. हे कसे झाले असावे? मला जे सुचते ते सांगतो.

तीन हा पुरे होण्याचा आकडा आहे. एकदा म्हटले ते बोलणे, दोनदा म्हटले तो आग्रह, आणि तीनदा म्हटले म्हणजे ठरले. 'त्रिवार सत्य' म्हटल्यावर पुढे वाद उरत नाही. लिलावात 'तीन वार' झाले की वस्तू गेली. कोर्टाच्या दारात शिपाई तीनदा पुकारा करतो. वामनाने दोन पावलांत त्रिभुवन व्यापले आणि तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवले. त्या तिसऱ्या पावलाने गोष्ट संपली. आता जिथे काही पुरे होते, तिथे काही संपतेही. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचे स्मरण होते, त्यांच्या नावाने तीन पिंड दिले जातात. पानातल्या तीन पोळ्यांचा संबंध काही जाणती माणसे या तीन पिंडांशीच लावतात. जे पितरांच्या कार्यात आहे ते रोजच्या जेवणात नको, इतकाच त्यातला भाव. जिवंत माणसाच्या पानात 'पुरे झाले' असे सुचवणारे काही असू नये, असे घरातल्या आईला वाटले तर त्यात प्रेमच आहे, नाही का? पोळी मोडून वाढल्याने कोणाचे पोट कमी भरत नाही आणि कोणाचे मन दुखत नाही. तेव्हा त्या सासूबाईंशी माझे भांडण नाही.

म्हणीतही थोडा व्यवहार आहे. तिघे एकत्र कामाला निघाले की पुष्कळदा दोघांचे जमते आणि तिसरा बाजूला पडतो. मग तो रुसतो, उलट बोलतो, काम अडते. हे आपण भागीच्या धंद्यात पाहतो, तीन भावांच्या वाटणीत पाहतो. पण इथे नीट विचार केला पाहिजे. काम बिघडले ते आकड्याने, की दोघांनी तिसऱ्याला बाजूला टाकले म्हणून?

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. हा अवधूत म्हणजेच आपले दत्तात्रेय, असे आपण परंपरेने मानतो. त्या चोवीस गुरूंमध्ये एक कुमारी आहे. तिच्या घरी तिला मागणी घालायला पाहुणे आले. घरची माणसे बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचे म्हणून ती एकटी आत भात कांडायला बसली. कांडताना हातातली कांकणे वाजू लागली. घरात कांडायला कोणी बाई नाही, हे त्या आवाजाने बाहेर कळेल म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक कांकण उतरवायला सुरुवात केली. दोन उरली तरी वाजतच होती. शेवटी एकेका हातात एकेकच ठेवले, तेव्हा आवाज थांबला.

अवधूताने यातून बोध घेतला की पुष्कळ जण एकत्र राहिले की कलह होतो आणि दोघे राहिले तरी बोलणे होतेच. ही गोष्ट संन्याशासाठी आहे, हे खरे. आपण गृहस्थ. पण त्यात आपल्या कामाचे एक सूत्र आहे. तीन कांकणे अशुभ आहेत असे अवधूत म्हणत नाही. दोनही वाजतात, पाचही वाजतात. कांकणे एकमेकांवर घासतात म्हणून ती वाजतात. सोयरिकीच्या बोलणीला तिघे गेले आणि तिघांचे मन एक असेल, तर कशाचा आवाज होणार? आणि चौघे गेले, खिशात वर एक खडाही घेतला, पण प्रत्येकाच्या मनात वेगळे असेल, तर तो खडा काय करील?

इथपर्यंत हा विषय पोळीचा, खड्याचा आणि सुपारीचा होता. आता जरा जड गोष्टीकडे वळतो.

आपल्याकडे 'तिखळ' हा शब्द आहे. नव्या मुलांना तो ठाऊक नसेल, पण आपल्या वयाच्या सगळ्यांना आहे. तीन मुलांच्या पाठीवर मुलगी झाली, किंवा तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला, की ते मूल तिखळ. ते आईबापांना, कुळाला वाईट, असे मानून त्याची शांत करतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या 'धर्मसिंधु' ग्रंथात, म्हणजे १७९० च्या सुमाराच्या, या त्रिकप्रसव शांतीचा विचार आहे. म्हणजे ही समजूत कोणी अडाण्याने कालपरवा काढलेली नाही.

आमच्या नात्यात एक तिखळ आत्या आहे. तीन भावांच्या पाठीवर जन्मली. रीतसर शांत झाली. शांत झाली म्हणजे विषय तिथे मिटायला हवा होता. पण गोठ्यातली गाय गेली, विहिरीचे पाणी आटले, थोरल्या भावाचा व्यवहार बुडाला, की दर वेळी कोणीतरी हळूच म्हणे, "घरात तिखळ आहे ना." उघड कोणी छळले नाही, उपाशी ठेवले नाही. फक्त ते हळूच म्हणणे कधी थांबले नाही. आता तिने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. एकदा मी तिला विचारले, "आत्या, तुला राग नाही आला कधी?" ती म्हणाली, "राग कुणाचा धरू रे? आईसुद्धा घाबरायची. पण लग्नकार्यात ओटी भरायला पुढं व्हायचं झालं की पाय आपोआप मागं येतो. अजूनसुद्धा येतो."

पंच्याहत्तर वर्षे एक पाय मागे! आणि कशासाठी, तर आधी तीन भाऊ जन्मले म्हणून. गंमत बघा, तिखळ मूल स्वतः मोजणीत चौथे असते. तीनचा दोष चौथ्याच्या माथी. माझ्या पाहण्यात आणखी एक गोष्ट आहे. शास्त्राने दोष दोघांनाही सारखाच सांगितला. पण तीन मुलींवर मुलगा झाला की गल्लीभर पेढे वाटले जातात, शांत उरकली जाते आणि तिखळ हा शब्द विसरला जातो. तीन मुलांवर मुलगी झाली की मात्र तो शब्द तिला जन्मभर चिकटतो. आकडा दोन्हीकडे तीनच. मग फरक कोणी केला? आकड्याने तर केला नाही.

अशीच दुसरी चाल पूर्वी होती. पुरुषाचे तिसरे लग्न अशुभ मानत. पहिल्या दोन बायका गेलेल्या, आता तिसरीही टिकणार नाही, ही भीती. त्यावर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत उपाय सांगितला अर्कविवाहाचा. तिजवराचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचे. तिसरेपणाचा दोष रुईवर जातो आणि मग जी घरात येते ती चौथी ठरते. दोष एका माणसावर पडू नये म्हणून झाडावर ढकलला, यामागे निदान दया तरी होती असे म्हणता येईल. पण मला यात एक गोष्ट लख्ख दिसते. जो दोष रुईच्या झाडाने फिटतो, खिशातल्या खड्याने फिटतो, त्याचे बळ किती असणार? मोजणी बदलली की दोष गेला, म्हणजे तो दोष आपल्या मोजण्यातच होता. तिखळ मुलीला मात्र आपण असा खडासुद्धा दिला नाही.

म्हणून मी माझ्यापुरता एक विचार ठरवला आहे. वाडवडिलांची कोणतीही समजूत समोर आली की ती खरी की खोटी हा वाद मी आधी घालत नाही. तो वाद आपल्या वयात कोणाचे मत बदलत नाही आणि घरातली शांती मात्र घालवतो. मी इतकेच विचारतो, ही समजूत कोणाच्या अंगावर पडते? पोळीवर पडत असेल, सुपारीवर पडत असेल, तर पडू दे. त्या निमित्ताने घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण राहते. पण ती एखाद्या जिवावर पडत असेल, एखाद्या पोरीला, सुनेला, लेकराला 'तू पुढे येऊ नकोस' म्हणत असेल, तर ती देवाची आज्ञा असू शकत नाही. हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो? माझा अधिकार काही नाही. मी अनसूयामातेच्या आधाराने म्हणतो.

गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली ती कथा आपण सगळ्यांनी किती वेळा ऐकली असेल! मी ती या प्रश्नाच्या अंगाने पुन्हा वाचली. मध्यान्हीची वेळ. अत्रिऋषी अनुष्ठानाला बाहेर गेलेले. आश्रमात अनसूया एकटी. आणि दारात अतिथी उभे राहिले. किती? तिघे. तिघे मिळून एका कामाला निघालेले, आणि कामही चांगले नव्हे. तिचे सत्त्व पाहायला आलेले. अन्न मागितले आणि वर अशी अट घातली की कोणत्याही बाईला धरणी दुभंगावीशी वाटावी. याहून मोठा 'तिगाडा' कुठल्या घराच्या दारात कधी उभा राहिला असेल?

अनसूयेने मोजले नाही. 'हे तीन आहेत, अशुभ आहेत' असे तिच्या मनात आले नाही. अतिथी विन्मुख गेला तर पतीच्या तपाला उणेपण येईल, एवढेच तिने पाहिले. आपले मन निर्मळ आहे, मग ही आपली बाळेच, असा भाव तिने धरला. आणि ती वाढायला आली तेव्हा समोर खरोखर तीन तान्ही बाळे होती. तिने तिघांना पदराखाली घेतले, पाळण्यात घातले. एका आईला तीन लेकरे झाली की ती तिगाडा म्हणते का? आईच्या मांडीवर मोजणी चालत नाही. थोरला, मधला, धाकटा एवढेच तिथे चालते.

पुढे अत्रिऋषी आले, देव प्रसन्न झाले, तिघे पुत्र म्हणून त्या घरी राहिले. ब्रह्मा चंद्र झाला, विष्णू दत्त झाला, महेश दुर्वास झाला. चंद्र आणि दुर्वास आईचा निरोप घेऊन गेले, आणि तिघांचा भाव आपल्यात साठवून दत्त आईजवळ राहिला, त्रिमूर्ती म्हणून. तिघे परीक्षा घ्यायला आले होते; एक होऊन राहिले. हे कोणी केले? अनसूयेच्या पाहण्याने केले.

नावे बघा. कीर्तनकार नेहमी फोड करून सांगतात. अत्रि म्हणजे 'अ-त्रि', तीन गुणांच्या पलीकडे गेलेला. अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही. दत्ताचा जन्म या घरात झाला. जिथे तीनची मोजणी संपली आणि जिथे कोणाविषयी वाईट भाव उरला नाही, तिथे. तीनला भिणारे आणि लेकराविषयी कुजबुजणारे घर या आश्रमाच्या किती दूर आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आपल्या मूर्तीतही हेच आहे. एकदा शांतपणे तिच्यासमोर बसून पाहा. शिरे तीन आहेत, हात सहा आहेत. पण पाय? पाय दोनच. वर तिघांची तीन मुखे, तीन जोड्या हात, सहा आयुधे. खाली मात्र एकच उभे राहणे. आपण मस्तक ठेवतो ते त्या दोन पायांवर. नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापुरात निर्गुण पादुका. श्रीनृसिंहसरस्वतींची ही तीन स्थाने. एक चातुर्मास औदुंबरला, मग बारा वर्षे वाडीला, आणि पुढचे वास्तव्य गाणगापुरात. तिन्ही ठिकाणी जाऊन आपण मुखे मोजत नाही, पायांना हात लावतो. दत्ताची एकमुखी उपासनाही आपल्याकडे जुनी आहे. महानुभाव पंथात तर दत्तात्रेय पंचकृष्णांपैकी एक मानले जातात आणि तिथे तीन मुखांची कल्पना नाही. तीन मुखे म्हणा, एक म्हणा, भक्ताचे काही अडत नाही. एकनाथ महाराजांची आरती आपण रोज म्हणतो. ती तीन गुणांच्या शब्दाने सुरू होते आणि शेवटी मी-तूपणाला निरोप देते. आरती संपते तेव्हा तीन उरत नाहीत, दोनही उरत नाहीत.

मग घरात काय करायचे? मला विचाराल तर सासूबाईंना पोळी मोडू द्या. तो त्यांचा जीव आहे तुमच्यावर. सोयरिकीला तिघे निघालात आणि काकांनी खिशात सुपारी टाकली, तर हसू नका. पण तिघांचे मन एक आहे ना, एवढे निघताना विचारून घ्या. मात्र कोणाच्या तोंडून एखाद्या लेकराविषयी 'तिखळ' हा शब्द आला, तर तिथे गप्प बसू नका. वडीलधाऱ्यांचा मान राखून, आवाज न चढवता म्हणा, "आपल्या देवाला तीन मुखं आहेत आणि तो आईच्या मांडीवर वाढलाय." एवढे पुरे होते. मी म्हणून पाहिले आहे. समोरचा माणूस क्षणभर थांबतो.

आणि एक मागणे आहे, देवळाच्या व्यवस्थापक मंडळींकडे आणि आयाबायांकडे. पौर्णिमेला तिन्हीसांजेला जन्म होईल, पाळण्याची दोरी कोणाच्या तरी हाती द्यायची असेल. दर वर्षी ती मानाच्या सुवासिनींकडे जाते, ठीकच आहे. यंदा तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात तीन भावांच्या पाठची एखादी मुलगी असेल, एखादी आत्या असेल, तिला बोलवा. ती 'मी कशाला, मी कशाला' म्हणत पाय मागे घेईल. तिचा हात धरून पुढे आणा आणि दोरी तिच्या हातात द्या. ज्या पाळण्यात तिघे एकत्र निजले, तो तिने हलवला तर अनसूयामातेला आनंदच होईल.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!